एकच गाडी, बावीस चालक : फॉर्म्युला टूबद्दल वाचकांचे प्रश्न

फॉर्म्युला वनच्या बरोबर खालची पायरी म्हणजे फॉर्म्युला टू. २००५ ते २०१६ या काळात या स्पर्धेचं नाव जीपी टू होतं, २०१७ पासून ती फॉर्म्युला टू झाली. २०२४ च्या हंगामात १४ ठिकाणी २८ शर्यती झाल्या. ११ संघ, प्रत्येकाच्या दोन गाड्या, सगळ्या डलारा कंपनीच्या एकाच साच्यातल्या आणि त्या वर्षी नव्याने आणलेल्या. ब्राझीलचा गाब्रिएल बोर्तोलेतो २१४.५ गुणांनी विजेता ठरला, फ्रान्सचा इसाक हाजार १९२ वर थांबला. या हंगामाबद्दल आणि एकूण या खेळाबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : शेवटच्या शर्यतीत हाजारची गाडी जागेवरच बंद पडली आणि विजेतेपद हातचं गेलं. ६२० हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि सुटायच्या वेळीच बंद? आमच्या लाइनवर गाडी बंद पडली की सेल्फ मारतो, सुरू होते. यांना सेल्फ नसतो का?
— वाहन कारखान्यातील तंत्रज्ञ, वाळूज

उत्तर : नसतो, आणि तिथेच सगळं अडलं. ८ डिसेंबर २०२४ रोजी अबू धाबीच्या यास मरीना सर्किटवर शेवटची शर्यत सुरू झाली तेव्हा बोर्तोलेतो फक्त साडेचार गुणांनी पुढे होता. विजयाला २५ गुण असताना साडेचार म्हणजे काहीच नाही. दिवे विझले, सगळे सुटले आणि हाजारची गाडी जागेवर राहिली.

फॉर्म्युला टूच्या गाडीत मेकाक्रोमचं ३.४ लिटरचं व्ही सिक्स टर्बो इंजिन असतं. ते चालू करायचं तर मेकॅनिक बाहेरून स्टार्टर लावतो. फॉर्म्युला वनच्या गाडीसारखी विजेची मोटर इथे मदतीला नाही. सुटायच्या क्षणी इंजिन बंद पडलं की गाडी ढकलत पिटलेनमध्ये, म्हणजे संघांच्या गाळ्यांसमोरच्या गल्लीत, न्यायची, तिथे स्टार्टर लावायचा आणि तिथून निघायचं. तोवर बाकीचे लांब गेलेले असतात.

आता बंद का पडतं ते पाहू. क्लच पायाने दाबायचा नसतो, स्टिअरिंगच्या मागे बोटांनी ओढायची पट्टी असते. चालक आपल्या चौकटीत थांबतो, पहिला गिअर टाकतो, पट्टी पूर्ण ओढून धरतो. लाल दिवे एकेक करून लागत जातात, त्या वेळात ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम एका आकड्यावर स्थिर ठेवायचे. दिवे विझले की पट्टी झटक्यात बाइट पॉइंटपर्यंत, म्हणजे क्लच जिथे पकडायला लागतो तिथपर्यंत, सोडायची आणि उरलेला भाग हळूहळू. क्लच कमी पकडला तर गाडी रेंगाळते. जास्त पकडला आणि टायरला पकड चांगली असली तर चाक घसरत नाही, सगळा भार इंजिनावर येतो आणि आरपीएम कोसळतात. खालच्या आरपीएमला टर्बोचा दाब नसतो, म्हणजे तिथून वर यायला ताकद नाही. शर्यतीच्या इंजिनाचं फ्लायव्हील हलकं असतं, त्यामुळे साठवलेला जोरही नाही. तुमच्या कंपनीतल्या एखाद्या मोटारसायकलवर दुसऱ्या गिअरमध्ये घाईत क्लच सोडून बघा, तोच अनुभव येईल.

यात भर म्हणजे बाइट पॉइंट एका जागी राहत नाही. क्लचच्या प्लेटा तापल्या की त्यांची पकड बदलते, पट्टीवर कालची जागा आज चालत नाही. म्हणून सराव संपताना चालक सुटण्याची तालीम करतात आणि शर्यतीआधीच्या फेरीला निघतानाही क्लच तपासून घेतात. पहिल्या रांगेतला चालक सगळ्यांत आधी येऊन उभा राहतो, शेवटचा येईपर्यंत तो थांबलेला असतो. तेवढ्या वेळात टायर निवतात, इंजिनाचं पाणी तापतं. पुढे उभं राहण्याची एवढी किंमत मोजावीच लागते.

ही डोकेदुखी जुनी आहे. २०१८ मध्ये टर्बो इंजिनाची गाडी नवीन आली तेव्हा इतक्या गाड्या सुटताना बंद पडू लागल्या, की ऑस्ट्रियात आणि सिल्व्हरस्टोनला थांबून सुटण्याऐवजी चालत्या गाड्यांनी शर्यत सुरू करावी लागली. पुढे क्लच आणि त्याचं सॉफ्टवेअर सुधारलं, प्रकार कमी झाले, पण पूर्ण थांबले नाहीत. हाजारचा दोष किती आणि यंत्राचा किती, हे टीव्हीवरच्या चित्रावरून ठरवू नये. वर्षभर चार मुख्य शर्यती जिंकलेल्या मुलाचं त्या एका क्षणावरून मोल करणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : ट्रॅक्टरची टायरं आमच्याकडं आठ-दहा वर्षं जातात. या लोकांची टायरं पंधरा फेऱ्यांत कामातून जातात म्हणे. एवढा पैसा, मग टिकाऊ टायर का करत नाहीत?
— शेतकरी, गेवराई तालुका, बीड

उत्तर : टिकाऊ टायर पिरेली, म्हणजे इथे टायर पुरवणारी कंपनी, सहज करू शकते. पण तो पकडणार नाही. पकड आणि टिकाऊपणा या एका तराजूच्या दोन बाजू आहेत. रबर मऊ असेल तर डांबराच्या बारीक खडबडीत शिरून धरतं आणि त्याच कारणाने झिजतंही.

फॉर्म्युला टूला चार प्रकारचे कोरडे टायर आहेत : हार्डवर पांढरी पट्टी, मीडियमवर पिवळी, सॉफ्टवर लाल, सुपरसॉफ्टवर जांभळी. प्रत्येक ठिकाणी यातले दोनच प्रकार नेले जातात. गाडीमागे चार-चार टायरांचे पाच जोड मिळतात : तीन कडक प्रकाराचे, दोन मऊ. सराव, क्वालिफायिंग (सुटायची जागा ठरवणारी वेगाची चाचणी) आणि शनिवार-रविवारच्या दोन्ही शर्यती त्यातच भागवायच्या. पावसाचे जोड वेगळे.

झिजण्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. वळणातून बाहेर पडताना चालकाने ॲक्सिलरेटर घाईत दाबला, की मागची चाकं गाडीच्या वेगापेक्षा थोडी जास्त फिरतात. या गाडीत चाकांची घसरण आपोआप आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही, आवरायचं ते पायाने. एकेक घसरण डोळ्याला दिसतही नाही, पण टायरचा वरचा थर तापत जातो. तापला की पकड कमी, पकड कमी की घसरण जास्त, घसरण जास्त की आणखी ताप. या फेऱ्यात सापडलेला चालक पाच-सहा फेऱ्यांत मागे पडतो. दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे चिकटून चालणाऱ्याला हे लवकर होतं, कारण समोरच्या गाडीने ढवळलेल्या हवेत त्याच्या गाडीला खाली दाबणारा जोर कमी मिळतो आणि ती वळणात सरकते. म्हणून अनुभवी चालक ओव्हरटेक करायचं नसेल तेव्हा मुद्दाम दीड-दोन सेकंद अंतर ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं हा थकला, आणि दहा फेऱ्यांनी तोच पुढच्याला गाठतो.

आणखी एक गोष्ट फॉर्म्युला वनपेक्षा वेगळी आहे. इथे टायर तापवून ठेवणाऱ्या विजेच्या गोधड्या वापरायला मनाई आहे. पिटस्टॉपनंतर गाडी निघते ती हवेच्याच तापमानाच्या, गार टायरांवर. पहिलं वळण येतं तेव्हा टायर लाकडासारखे असतात, ब्रेक जरा जोरात लागला तर चाक जाम होतं आणि टायरचा एक भाग सपाट घासून निघतो. त्यानंतर गाडी वेगात थरथरत राहते, चालकाला समोरचं धूसर दिसतं. पिटमधून बाहेर पडलेली गाडी पहिली फेरी कशी काढते ते नीट बघा, निम्मी शर्यत तिथे कळते.

रविवारच्या फीचर रेसमध्ये, म्हणजे मुख्य शर्यतीत, एकदा थांबून टायरचा प्रकार बदलणं सक्तीचं असतं. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत केलेला थांबा धरत नाहीत, साधारण सहाव्या फेरीपासून वाट मोकळी होते. पेट्रोल भरायचं नसतं. बहुतेक जण मऊ टायरवर निघतात, लवकर थांबतात आणि कडक टायरवर शेवटपर्यंत रेटतात. काही जण उलट करतात : कडकवर निघून लांब जायचं, शेवटच्या दहा-बारा फेऱ्या मऊ टायरवर झपाट्याने काढायच्या. मध्येच अपघात होऊन सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्यामागे सावकाश चालवणारी गाडी, आली तर सगळ्यांचा वेग उतरतो आणि तेव्हा थांबणाऱ्याचं नुकसान फार कमी होतं. ज्यांचा थांबा आधीच झालेला असतो त्यांनी गोळा केलेलं अंतर वाया जातं. २०२४ मध्ये मोंझाला बोर्तोलेतो बाविसाव्या, म्हणजे शेवटच्या जागेवरून निघून जिंकला. त्यात सेफ्टी कारच्या वेळेचा हात होता, पण ती वेळ येईपर्यंत टायर जिवंत ठेवून गाडी वर आणण्याचं काम त्याचंच होतं.

प्रश्न : आमच्याकडे शंकरपटात चांगल्या जोडीला कुणी मुद्दाम मागे उभं करत नाही. मग शनिवारच्या शर्यतीत पहिल्या दहांची रांग उलटी का लावतात? हा अन्याय नाही का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : गुण बघितले की अन्यायाची धार बरीच कमी होते. शुक्रवारी ४५ मिनिटं सराव आणि ३० मिनिटं क्वालिफायिंग. शनिवारी स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, सुमारे १२० किलोमीटर. रविवारी फीचर, सुमारे १७० किलोमीटर. मोनॅकोला दोन्ही शर्यती लहान असतात आणि रस्ता अरुंद म्हणून क्वालिफायिंगही दोन गट पाडून घेतात.

फीचरची रांग क्वालिफायिंगप्रमाणे सरळ लागते आणि पहिल्या दहांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ असे गुण. स्प्रिंटमध्ये क्वालिफायिंगचे पहिले दहा उलटे : दहावा पुढे, पहिला दहाव्या जागेवर. तिथे पहिल्या आठांनाच गुण, १०, ८, ६, ५, ४, ३, २, १. पोल पोझिशनचे, म्हणजे क्वालिफायिंगमध्ये पहिलं येण्याचे, २, आणि प्रत्येक शर्यतीत सर्वांत वेगवान फेरीचा १, तोही पहिल्या दहात आलात तरच. एका ठिकाणी जास्तीत जास्त ३९ गुण मिळतात. त्यातले २८ सरळ रांगेच्या बाजूला आहेत, ११ उलट्या रांगेच्या.

उलट्या रांगेचा हेतू चालकाला ओव्हरटेक करायला लावणं हा आहे. सगळ्यांच्या गाड्या सारख्या असताना पुढून निघून पुढेच राहणं त्या मानाने सोपं. फॉर्म्युला वनचे संघ इथल्या मुलांकडे बघतात तेव्हा त्यांना हेही हवं असतं, की हा दहाव्या जागेवरून चाळीस मिनिटांत गाडी न ठोकता कुठवर येतो.

हंगामाचा हिशेब बघा. हाजारने चार फीचर शर्यती जिंकल्या : मेलबर्न, इमोला, सिल्व्हरस्टोन, स्पा. बोर्तोलेतोने दोनच, ऑस्ट्रिया आणि मोंझा. तरी शेवटच्या ठिकाणी येताना बोर्तोलेतो १८८.५ आणि हाजार १८८. (शर्यत ठरल्यापेक्षा बरीच आधी आटोपली तर गुण कमी वाटतात, अर्धा गुण येतो तो तसा.) त्या शनिवारी उलट्या रांगेतून बोर्तोलेतोने दुसऱ्या क्रमांकाचे ८ गुण काढले, हाजारने ४. रविवारी बोर्तोलेतो पुन्हा दुसरा, हाजार शून्य. हंगाम जिंकणारा चालक वाईट दिवशीही चार-सहा गुण घरी आणतो, हे या स्पर्धेत वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. नुसते विजय मोजणाऱ्याला ते समजत नाही.

प्रश्न : चालकाच्या डोक्यावरची ती कमान टायटॅनियमची का? चांगलं पोलाद चालणार नाही का?
— रोलिंग मिलमधील सुपरवायझर, जालना

उत्तर : तिला हेलो म्हणतात. फॉर्म्युला टूमध्ये ती २०१८ पासून सक्तीची आहे. ग्रेड फाइव्ह टायटॅनियम वापरतात, म्हणजे टायटॅनियममध्ये सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. कमानीचं वजन सुमारे ७ किलो, आणि चाचणीत तिने सुमारे १२ टनांचा भार सहन करायचा असतो. उसाने गच्च भरलेली ट्रॉली डोक्यावर आली असं समजा.

तुमच्या ओळखीचा आकडा घेऊ. जालन्यात निघणाऱ्या फे ५०० सळईची यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे कायमचा आकार बदलण्याआधी सोसायचा ताण, ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि घनता ७.८५. ग्रेड फाइव्ह टायटॅनियमची यील्ड सुमारे ८८० आणि घनता ४.४३. वजनाच्या मानाने ताकद तिपटीच्या आसपास जाते. पोलादाच्या भारी मिश्रधातूंनी ती ताकद गाठता येईल, पण वजन वाढेल. आणि हे वजन गाडीच्या सगळ्यांत वरच्या भागात बसतं, गुरुत्वमध्य वर गेला की वळणातली गाडी बिघडते.

अडचण वेल्डिंगची आहे. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं. त्यामुळे आरगॉनचं आवरण फक्त टॉर्चपाशी पुरत नाही, निवेपर्यंत मागच्या शिवणीला आणि नळीच्या आतूनही द्यावं लागतं. शिवण चांदीसारखी चकचकीत असावी. निळी किंवा करडी दिसली तर हवा लागली असं समजायचं आणि तो तुकडा बाद.

तिचं काम २०१८ मध्येच बार्सिलोनाला दिसलं. निरेई फुकुझुमीची गाडी तादासुके माकिनोच्या गाडीवर चढली, चाक हेलोवर घासून गेलं आणि माकिनो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला डेनिस हॉगरची गाडी उडून रॉय निसानीच्या हेलोवर आदळली, तिथेही दोघे वाचले. मात्र हेलो सगळ्यावर उपाय नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी स्पा इथे बाजूने बसलेल्या धडकेत आंत्वान ह्युबेर गेला. तो अवघा २२ वर्षांचा होता. डोक्याच्या संरक्षणाइतकंच बाजूच्या भिंतीचं आणि वळणापुढच्या मोकळ्या जागेचं काम महत्त्वाचं आहे, हे तिथे फार कठोरपणे कळलं.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अशा संघात रेस इंजिनिअर व्हायचं तर आत्तापासून काय करू? गाडी सगळ्यांची एकच असेल तर इंजिनिअर नेमकं करतो काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : गाडीचे भाग बदलता येत नाहीत, जुळवणी बदलता येते. पंखाचा कोन, गाडीची जमिनीपासूनची उंची, स्प्रिंग, अँटिरोल बार (वळणात गाडीचं झुकणं आवरणारा दांडा), कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाकांचं आत-बाहेर वळलेलं तोंड), टायरमधली हवा, ब्रेकचा पुढे-मागे वाटा. प्रत्येक बदल दुसरीकडे काहीतरी बिघडवतो. पुढचा पंख एक खाच वाढवला, तर गाडी वळायला तयार होते, पण मागची बाजू हलकी पडते आणि मागचे टायर लवकर तापतात. एका फेरीला फायदा, वीस फेऱ्यांना तोटा. सरावाला मिळतात ४५ मिनिटं, तेवढ्यात हे ठरवायचं.

टायरमधली हवा हा अभ्यासाला उत्तम विषय आहे, घरबसल्या करता येतो. समजा २७ अंशांना टायरमध्ये २० पीएसआय भरली आणि चालून आतली हवा ९० अंशांवर गेली. गेजवर वातावरणाचा दाब दिसत नाही, म्हणून आधी १४.७ मिळवा : ३४.७. केल्व्हिनमध्ये तापमान ३०० वरून ३६३, म्हणजे १.२१ पट. दाब झाला ४२, त्यातून १४.७ वजा केले तर गेजवर २७.३. सात पीएसआयची वाढ, आणि तुम्ही भरताना ती धरली नाही तर टायर मध्ये फुगून कडेने रस्ता सोडतो. नांदेडला मे महिन्याच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे एकाच गेजने एकाच मोटारसायकलचा दाब मोजून वहीत लिहा. बरेच विद्यार्थी सूत्र पाठ म्हणतात आणि वातावरणाचा दाब मिळवायला विसरतात, उत्तर तिथेच चुकतं.

दुसरं काम डेटा वाचण्याचं. दोन चालकांच्या एकाच वळणाच्या रेषा एकमेकींवर ठेवायच्या : वेग, ब्रेकचा दाब, स्टिअरिंगचा कोन, ॲक्सिलरेटर. या गाडीत एबीएस नाही. चांगल्या चालकाच्या ब्रेकची रेषा भिंतीसारखी सरळ वर जाते आणि मग उतरंडीसारखी खाली येते. कारण वेग जास्त असताना हवा गाडीला खाली दाबते, तेव्हा टायर जोराचा ब्रेक सोसतो. वेग उतरला की तो दाब जातो, तेवढाच ब्रेक धरून ठेवला तर चाक जाम. नवख्याची रेषा सुरुवातीला बुटकी आणि शेवटी लांबट असते. त्याला 'उशिरा ब्रेक लाव' म्हणून काही होत नाही, 'पहिला दाब जोरात, मग सोडत ये' असं सांगावं लागतं. मोटेकचं आयटू हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं, त्यावर हात बसवा.

कॉलेजचा संघ असेल तर विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धा आहेत, कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवरची फॉर्म्युला भारत किंवा एसएईइंडियाची सुप्रा स्पर्धा गाठा. संघ नसेल तर पाच जणांनी काढा. गाडीवर ब्रेक प्रेशर सेन्सर आणि ॲक्सिलरेटरचा पोटेन्शिओमीटर एवढे दोन जरी नीट कॅलिब्रेट करून बसवलेत आणि त्याच्या नोंदी ठेवल्यात, तरी मुलाखतीत बोलायला खरं काही असेल. महागड्या भागांची यादी कुणी विचारत नाही.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला रेसिंगचं वेड आहे. सुरुवात कुठून करायची? लातूर-संभाजीनगरला काही सोय नाही.
— पालक, लातूर

उत्तर : सुरुवात कार्टिंगने. आधी भाड्याच्या फोर स्ट्रोक कार्टवर चार-सहा वेळा बसवा. आवड आठवडाभराची आहे की टिकणारी, ते कळेल. मग शर्यतीची टू स्ट्रोक कार्ट. तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे कोल्हापूरचा मोहिते रेसिंगचा ट्रॅक, पुढे बंगळूर. स्पर्धेत उतरायला एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचा परवाना आणि वैद्यकीय दाखला लागतो.

पहिला खर्च हेल्मेटवर आणि बरगड्यांच्या कवचावर करा. कार्टला सस्पेन्शन नसतं, सीट घट्ट असते, वळणात सगळा भार बरगड्यांवर येतो. सुटाबुटावर पैसे घालून बरगड्यांचं कवच पुढच्या महिन्यावर ढकलणारे पालक पुष्कळ असतात. असं करू नका.

इंजिनाचं थोडं शिकून घ्या. रोटॅक्सच्या टू स्ट्रोकला पेट्रोलमध्ये २ टक्के तेल, म्हणजे ५ लिटरला १०० मिलिलिटर. आधी कॅनमध्ये तेल, मग पेट्रोल, आणि दर वेळी हलवून. सकाळच्या गार, दाट हवेला कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) मोठा लागतो, दुपारी हवा पातळ झाली की लहान. दुपारचा लहान जेट दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच राहिला तर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं आणि पिस्टन जाम होतो. शर्यत जाते, पिस्टन-सिलिंडरचा खर्च वेगळा.

पुढचा रस्ता असा : १५ व्या वर्षी फॉर्म्युला फोर, ती भारतात आहे. मग परदेशात फॉर्म्युला थ्री. फॉर्म्युला टूसाठी १७ वर्षं पूर्ण लागतात. शेवटच्या दोन पायऱ्यांचा एका हंगामाचा खर्च कोटींत जातो आणि प्रायोजक किंवा मोठ्या संघाची अकादमी असल्याशिवाय तो पेलत नाही. हे आत्ताच माहीत असू द्या, शेत विकायचा विचार मनात येण्याआधी. शाळा सोडवू नका.

प्रश्न : फॉर्म्युला टूमध्ये भारतीय कोण कोण जिंकलं?
— निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : जीपी टूच्या काळात करुण चंढोक, २००७ मध्ये स्पा आणि २००८ मध्ये हॉकेनहाइम. फॉर्म्युला टू नाव झाल्यावर पहिला जेहान दारूवाला, डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या सखीर इथली स्प्रिंट. २०२२ मध्ये त्याने मोंझाची फीचर रेसही जिंकली. कुश मैनीला २०२४ मध्ये हंगेरीची स्प्रिंट मिळाली, पुढे आलेला रिचर्ड व्हर्सखोर अपात्र ठरल्यावर. आणि २०२५ मध्ये मोनॅकोची स्प्रिंट कुशने सगळ्यांच्या पुढे राहून जिंकली. क्वालिफायिंगमध्ये दहावा आल्यामुळे उलट्या रांगेत तो पहिला उभा होता, आणि मोनॅकोच्या गल्ल्यांत शेवटपर्यंत त्याने कुणाला जागा दिली नाही. मोनॅकोत फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. कुश २०२४ मध्ये बोर्तोलेतोचाच जोडीदार होता, इन्व्हिक्टा संघात, आणि संघाचं विजेतेपद त्या वर्षी इन्व्हिक्टाला मिळालं.

प्रश्न : इथे जिंकलं की फॉर्म्युला वनची जागा नक्की का?
— वाचक, हिंगोली

उत्तर : जागा नक्की नाही, परवाना नक्की. फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्ससाठी तीन हंगामांत मिळून ४० गुण लागतात. फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना एका वर्षात तेवढे मिळतात, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १०. विजेत्याला पुढच्या वर्षी या स्पर्धेत परत येता येत नाही. २०२२ चा विजेता फेलिपे द्रुगोविच आणि २०२३ चा तेओ पुर्शेर यांना पुढच्या हंगामात जागा मिळाली नाही. उलट २०२४ च्या तुकडीतले बोर्तोलेतो, हाजार, सहावा आलेला किमी अँतोनेली आणि ऑलिव्हर बेअरमन असे चौघे २०२५ च्या सुरुवातीला फॉर्म्युला वनच्या रांगेत उभे होते. बेअरमनने तर २०२४ मध्येच जेद्दाला आजारी कार्लोस साइन्झच्या जागी फेरारी चालवून सातवा क्रमांक काढला होता. त्या वर्षी वरच्या संघांत जागा रिकाम्या झाल्या, म्हणून दार उघडलं.

प्रश्न : शर्यत आपल्याकडे किती वाजता, आणि नव्याने बघणाऱ्याने काय बघावं?
— वाचक, धाराशिव

उत्तर : युरोपातली रविवारची फीचर रेस बहुधा तिथल्या सकाळी दहाच्या सुमारास असते. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे दुपारी दीड वाजता, जेवणाच्या वेळेला. अबू धाबी फक्त दीड तास मागे आहे. वेळापत्रक दर वेळी तपासून घ्या.

सुटण्याआधी कागदावर पहिल्या दहांची नावं आणि टायरच्या पट्टीचा रंग लिहून ठेवा. जो थांबेल त्याच्यापुढे फेरीचा आकडा. सेफ्टी कार आली तर आडवी रेघ मारा. विसाव्या फेरीला कागद बघितला तर कोणाचे टायर जुने, कोणाचा थांबा बाकी हे समोर असेल, आणि शेवटच्या पाच फेऱ्यांत नजर कोणावर ठेवायची ते कुणाला विचारावं लागणार नाही.